एका गाण्याचे अनेक पत्ते

ध्वनिमुद्रित संगीताची सूची करणे म्हणजे कोणते गाणे कोणी, केव्हा आणि कोणत्या तबकडीवर प्रसिद्ध केले ते नोंदवणे, असा या कामाचा अर्थ बाहेरून पाहणाऱ्याला वाटतो, आणि जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांपुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. १९८० नंतरच्या ब्रिटिश पॉप संगीतापाशी आल्यावर मात्र, विशेषतः नृत्यगृहांसाठी काढलेल्या लांब आवृत्त्यांच्या बाबतीत, ज्याची नोंद करायची ते 'एक गाणे' म्हणजे नेमके काय, हेच ठरेनासे होते. कारण चाल तीच, गायक तोच, शब्दही तेच, आणि तरीही लंडनमध्ये विकल्या गेलेल्या तबकडीवर ते एका रूपात असते, न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या, आणि दोन्हींवर छापलेले नाव मात्र कधी सारखे तर कधी वेगळे असते. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील बॅसिल्डन या शहरात १९८० मध्ये स्थापन झालेल्या 'डिपेश मोड' या बँडच्या रीमिक्स आवृत्त्यांची देशवार सूची करण्यात ज्याची काही वर्षे गेली अशा एका सूचिकाराला या कामाने जे शिकवले, ते या लेखाचा विषय आहे.

'रीमिक्स' हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर बहुधा वेगळ्या अर्थाने पडलेला असतो. जुन्या हिंदी चित्रपटगीताला नव्या गायिकेचा आवाज आणि जोरकस ठेका देऊन काढलेल्या ज्या आवृत्त्या २००० च्या आगेमागे भारतात गाजल्या, त्यांना आपल्याकडे रीमिक्स म्हटले गेले, पण त्या वस्तुतः पुन्हा गाऊन घेतलेल्या आवृत्त्या होत्या. येथे अभिप्रेत असलेल्या रीमिक्समध्ये मूळ गायकाचा मूळ आवाजच कायम राहतो. स्टुडिओत गाणे मुद्रित होताना आवाज, तालवाद्ये, बासची ओळ आणि सिंथेसायझरचे एकेक स्वरवाक्य रुंद चुंबकीय फितीवर स्वतंत्र पट्ट्यांत साठवले जाते, आणि या पट्ट्यांचे प्रमाण ठरवून त्यांना दोन वाहिन्यांत एकत्र आणणे म्हणजे मिश्रण. तीच मूळ फीत पुन्हा काढून, काही पट्ट्या गाळून, काही लांबवून, काही नव्या घालून केलेले दुसरे मिश्रण म्हणजे रीमिक्स. म्हणजे एकाच धान्यातून दोन घरांत दोन वेगळ्या चवींचे पीठ निघावे तसा हा प्रकार आहे, आणि जात्यापाशी कोण बसले आहे याला त्यात मोठे महत्त्व असते.

असे मिश्रण लांबते, आणि लांब मिश्रणाला जागा लागते. ही जागा बारा इंची सिंगलने दिली. 'सिंगल' म्हणजे एका मुख्य गाण्यासाठी काढलेली तबकडी. ती पूर्वी सात इंची असे आणि तिच्यावर साडेतीन-चार मिनिटांचे गाणे बसे. १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये नृत्यगृहांत तबकड्या वाजवणाऱ्या वादकांसाठी सिंगलचे गाणे मोठ्या तबकडीवर कोरण्याचा प्रघात सुरू झाला, आणि १९७६ मध्ये 'डबल एक्स्पोजर' या गटाचे वॉल्टर गिबन्स यांनी लांबवलेले 'टेन पर्सेंट' हे गाणे बारा इंची सिंगल म्हणून खुल्या बाजारात आले. तबकडी मोठी झाली की दोन चरांमधील अंतर वाढवता येते, अंतर वाढले की सुईला अधिक झोके घेता येतात, आणि बासच्या खोल, मोठ्या लहरी कोरण्यासाठी नेमके तेच लागते. नृत्यगृहाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकांवर बारा इंची तबकडी जी भारदस्त वाटते तिचे कारण असे अगदी भौतिक आहे. ब्रिटनमध्ये अशा तबकड्या बहुतांशी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने वाजणाऱ्या असत, अमेरिकेत बहुतांशी ३३⅓ फेऱ्यांच्या. देशभेदाची पहिली खूण म्हणूनच गाणे ऐकण्याआधी, वादकयंत्राची गती बदलताना, हाताला जाणवते.

डिपेश मोडच्या आवृत्त्या देशोदेशी वेगळ्या निघाल्या त्याला कलात्मक कारणांइतकेच व्यावहारिक कारण होते, आणि ते समजेपर्यंत सूचिकाराला सारा पसारा लहरी वाटत राहिला. बँडची ब्रिटनमधील कंपनी 'म्यूट' ही डॅनियल मिलर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली छोटी स्वतंत्र कंपनी होती. परदेशांत तिच्या शाखा नव्हत्या. प्रत्येक देशातील प्रकाशनाचा हक्क तेथील एखाद्या कंपनीला करारान्वये दिला जाई : अमेरिकेत 'सायर', पश्चिम जर्मनीत 'इंटरकॉर्ड', फ्रान्समध्ये 'व्होग', जपानमध्ये पुढे 'आल्फा'. या प्रत्येक कंपनीचा गिऱ्हाईक वेगळा, रेडिओ वेगळा, प्रकाशनाचे वेळापत्रक वेगळे, आणि म्हणून तिची निवडही वेगळी. ब्रिटनमध्ये 'म्यूट'ने १९८२ मधील 'लीव्ह इन सायलेन्स'पासून या बँडच्या सिंगलसाठी 'बाँग' ही स्वतंत्र क्रमांकमाला चालवली. तिच्यात साध्या बारा इंची तबकडीच्या क्रमांकाआधी '१२' येई. मर्यादित संख्येने काढलेल्या दुसऱ्या तबकडीला त्याआधी 'एल' हे अक्षर लागे, आणि क्वचित आणखी एखादी तबकडी निघाली तर 'एक्सएल'. या एका अक्षराच्या फरकात संपूर्ण वेगळे मिश्रण दडलेले असते, हे कळल्यावर क्रमांक वाचण्याची सूचिकाराची सवयच पालटली.

१९८४ च्या 'पीपल आर पीपल'चे उदाहरण येथे उपयोगी पडते. या गाण्याच्या साध्या बारा इंची तबकडीवर जी लांब आवृत्ती आहे तिचे नाव 'डिफरंट मिक्स', म्हणजे 'वेगळे मिश्रण', एवढेच आहे. कशापेक्षा वेगळे ते नाव सांगत नाही. 'एल' अक्षराच्या तबकडीवर मात्र एड्रियन शेरवूड यांनी केलेले मिश्रण आहे, आणि ते ऐकताना गाणे जणू आतून उकलले जाते : गायकाचा आवाज मधूनच तुटतो, धातूवर आपटल्याचे आवाज प्रतिध्वनीत लांबत जातात, ठेका एकटा उरतो आणि पुन्हा भरून येतो. शेरवूड लंडनमधील 'ऑन-यू साउंड' या कंपनीचे संस्थापक, आणि त्यांची पद्धत 'डब' या जमैकन परंपरेतून आलेली. डब म्हणजे तयार गाण्यातून गायन काढून टाकून ताल आणि बास पुढे आणायचे, आणि प्रतिध्वनी व विलंब यांच्या साह्याने मिश्रणाचा टेबलच वाद्यासारखा वाजवायचा. किंग्स्टन शहरात किंग टबी यांच्यासारख्या ध्वनितंत्रज्ञांनी ती १९७० च्या आसपास घडवली. सूचीत 'ब्रिटिश आवृत्ती' असे लिहिलेल्या या तबकडीची रीत कॅरिबियन समुद्रावरून आलेली आहे, तर ज्या धातूच्या आवाजांशी ती खेळते ते बँडच्या बर्लिनमधील कामाशी जोडलेले आहेत, कारण त्या काळात त्यांच्या संगीताचे बरेचसे मिश्रण त्या शहराच्या भिंतीलगतच्या 'हान्सा' स्टुडिओत गॅरेथ जोन्स यांच्यासह होत असे. नोंदवहीत देशासाठी एकच रकाना आखणाऱ्याची पहिली अडचण येथे सुरू झाली.

दुसरी अडचण अधिक खोल निघाली, आणि तिचे नाव 'स्ट्रेंजलव्ह'. १९८७ च्या वसंतात हे गाणे निघाले तेव्हा ते ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत आणि पश्चिम जर्मनीत २ ऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या मुख्य यादीत मात्र ते ७६ च्या वर सरकले नाही, जरी त्याच देशातील नृत्यगृहांच्या यादीत ते अव्वल ठरले. नृत्यगृह आणि रेडिओ यांच्यातील हे अंतर कमी करण्यासाठी 'सायर'ने १९८८ मध्ये ते पुन्हा काढले, या वेळी 'हायजॅक मिक्स' या नव्या मिश्रणासह, आणि ते ५० व्या क्रमांकापर्यंत गेले. सूचिकाराने या मिश्रणापुढे सुरुवातीला निःशंकपणे 'अमेरिकी' असे लिहिले, कारण ते अमेरिकेसाठी झाले आणि अमेरिकेत निघाले. परंतु ते करणारे टिम सिमेनन आणि मार्क सॉन्डर्स हे दोघेही इंग्लंडचे. सिमेनन लंडनच्या नृत्यगृहांतून पुढे आलेले आणि 'बॉम्ब द बेस' या नावाने स्वतःचे संगीत काढणारे. याच्या नेमके उलट 'बिहाइंड द व्हील'चे झाले. १९८७ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून जे गाणे रेडिओवर वाजले ते न्यूयॉर्कच्या शेप पेटिबोन यांनी घडवलेले होते, आणि पेटिबोन तर तेथील 'किस' रेडिओकेंद्रावर नृत्यसंगीताच्या सलग मिश्रणांमुळे नावारूपाला आलेले. म्हणजे अमेरिकेसाठीचे गाणे लंडनच्या हातांनी बनले आणि ब्रिटनमधील गाणे न्यूयॉर्कच्या. मिश्रण कोठे घडले आणि कोठे विकले गेले हे दोन निरनिराळे पत्ते आहेत, त्यांना एका रकान्यात कोंबता येत नाही, हे सूचिकाराला या दोन तबकड्या शेजारी ठेवल्यावर कळले. आणि तोवर झालेल्या तीनशेहून अधिक नोंदी त्याने पुन्हा लिहून काढल्या. हे काम कंटाळवाणे होते, परंतु त्याची खंत करण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण पहिली सूची चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत होती.

पत्त्यांचा हा भेद स्पष्ट झाल्यावर फ्रान्स्वा केव्होर्कियन यांचे काम वेगळ्याच प्रकाशात दिसू लागते. जन्माने फ्रेंच असलेले केव्होर्कियन १९७५ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तेथील नृत्यगृहांत वाढले, पुढे त्यांनी जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क'साठी मिश्रणाचे काम केले आणि १९९० मध्ये निघालेल्या डिपेश मोडच्या 'व्हायोलेटर' या संग्रहाच्या मिश्रणातही त्यांचा मोठा वाटा होता. 'पर्सनल जीझस' आणि 'पॉलिसी ऑफ ट्रुथ' यांच्या नृत्यावृत्त्यांत त्यांची शिस्त कानाला लगेच ओळखू येते : सुरुवातीला कित्येक मात्रा केवळ ठेका, मग एकेक थर, आणि शेवटी पुन्हा मोकळा ठेका. ही रचना केवळ हौसेची नाही. नृत्यगृहातील वादकाला एक तबकडी संपण्याआधी दुसरी तिच्या तालात मिसळायची असते, आणि दोन गाण्यांचे सूर एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना नुसता ताल हवा असतो. ख्यालाचा विस्तार होत असताना तबलजीने नुसता ठेका धरून ठेवावा, तशी ही जागा दुसऱ्या कलावंतासाठी राखून ठेवलेली असते.

काही वेळा दोन देशांत मिश्रण बदलण्याऐवजी गाणेच बदलले गेले. १९८६ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये 'स्ट्रिप्ड' ही सिंगल निघाली. तिच्या बारा इंची तबकडीवर फ्लड यांनी केलेले 'हायलँड मिक्स' होते आणि मागच्या बाजूला 'बट नॉट टुनाइट' हे दुय्यम गाणे. अमेरिकेत मात्र 'मॉडर्न गर्ल्स' या चित्रपटात वापर झाल्याने हे दुय्यम गाणेच मुख्य करण्यात आले आणि 'स्ट्रिप्ड' मागच्या बाजूला गेले. ब्रिटिश श्रोत्यासाठी जे पान उलटल्यावर वाचायचे होते ते अमेरिकी श्रोत्यापुढे मुखपृष्ठ म्हणून आले. सूचिकाराला हा निर्णय आजही चुकीचा वाटतो, कारण 'स्ट्रिप्ड'च्या मंद, जड चालीत त्या वर्षीचा सारा बँड सामावलेला आहे. तरीही आपले मत टिपेत ठेवून नोंदीत ज्या त्या देशाने जे मुख्य मानले तेच मुख्य लिहायचे, हा नियम त्याने येथे घालून घेतला.

या कामातील सर्वांत दीर्घ तास जातात ते मोजण्यात. लेबलावर छापलेल्या लांबीवर विसंबता येत नाही, कारण ती अनेकदा आधीच्या मिश्रणाची असते किंवा ढोबळ असते. म्हणून प्रत्येक तबकडी वाजवून, पहिल्या आघातापासून शेवटच्या ऐकू येणाऱ्या नादापर्यंत, सेकंदांत मोजावी लागते, आणि मग दोन तबकड्यांतील फरकाचे कारण शोधावे लागते. येथे ताल मदतीला येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, चार मात्रांचा एक खंड दोन सेकंदांचा आणि आठ खंडांचा गट सोळा सेकंदांचा असतो. अशा संगीतात कापाकापी बहुतेक वेळा आठ खंडांच्या हिशेबाने होते, जसे आपल्याकडे कोणतीही जागा समेचे भान ठेवून संपवली जाते. तेव्हा दोन तबकड्यांत नेमका सोळा किंवा बत्तीस सेकंदांचा फरक निघाला, तर कोणीतरी एखादा भाग घातला वा गाळला आहे असे समजून तो भाग हुडकावा. फरक पाच-सात सेकंदांचा असून सारा शेवटाकडे असेल, तर आवाज मंद करत नेण्याची क्रिया एकीकडे लवकर झाली एवढेच. परंतु फरक चार सेकंदांचा असेल आणि तो गाण्यात सर्वत्र सारखा पसरलेला असेल, तर मिश्रण तेच असून फीत कोठेतरी थोड्या जास्त वेगाने फिरली आहे : सात मिनिटांच्या, म्हणजे ४२० सेकंदांच्या गाण्यात एक टक्का वेग वाढला की चार सेकंद कमी होतात, आणि सूर एका अर्धस्वराच्या साधारण सहाव्या हिश्श्याने चढतो.

हा शेवटचा हिशेब सूचिकाराने आधी केला असता, तर एक मोठी चूक टळली असती. परदेशी छापाच्या एका तबकडीवरील आवृत्ती चार सेकंदांनी लहान निघाली, तिचा आवाज अधिक उजळ वाटला, लेबलावर नावही किंचित वेगळे होते. एवढ्या आधारावर त्याने ती स्वतंत्र मिश्रण म्हणून नोंदवली आणि अन्य संग्राहकांनाही तसे कळवले. काही महिन्यांनी दोन्ही तबकड्या संगणकावर उतरवून, एकीचा वेग दुसरीशी जुळवून, मग एका लहरीची दिशा उलटी करून दोन्ही एकत्र वाजवल्यावर सत्य समोर आले. या तपासाचे तत्त्व असे की दोन मुद्रणे तंतोतंत सारखी असतील तर उलटलेली लहर सुलटीला खोडते आणि काहीच उरत नाही. तबकडीच्या बाबतीत पूर्ण शांतता कधीच मिळत नाही, कारण प्रत्येक फेरीत वेग सूक्ष्मपणे डगमगतो. परंतु त्या दिवशी आवाज आणि ठेका जवळजवळ मावळले आणि चरांची खरखर तेवढी उरली. मिश्रण एकच होते. ज्यांना कळवले होते त्या प्रत्येकाला पत्र पाठवून दुरुस्ती सांगणे हे त्या चुकीचे परिमार्जन होते, आणि त्यानंतर कोणतीही 'नवी' आवृत्ती या तपासाविना सूचीत घेतली गेली नाही. विक्रीसाठी 'अप्रकाशित अमेरिकी मिश्रण' म्हणून आलेली एक महागडी तबकडी पुढे याच तपासात नेहमीची निघाली, तेव्हा पैसे गेल्याचे दुःख झाले, पण सूची शाबूत राहिली.

कानाइतकेच डोळ्यांनाही काम असते. तबकडीवर गाणे संपल्यानंतर लेबलापर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा उरतो, त्यावर मूळ साच्याचा क्रमांक हाताने कोरलेला किंवा ठशाने उमटवलेला असतो. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. लेबल छापखान्यात बदलते, वेष्टण दुकानात बदलते, परंतु हा क्रमांक चरांसह एकाच साच्यातून आलेला असल्याने तो सहसा खोटे बोलत नाही. कोरणारे तंत्रज्ञ तेथे आपली खूणही सोडतात. जॉर्ज पेकम यांची 'पोर्की' या टोपणनावाची सही ब्रिटिश तबकड्यांच्या संग्राहकांत सुप्रसिद्ध आहे. दिव्याखाली तबकडी तिरपी धरून, भिंगातून, बोटांचे ठसे उमटू न देता हे क्रमांक वाचण्यात जी एकाग्रता लागते ती शिलालेखाचा ठसा घेणाऱ्याच्या एकाग्रतेहून फार वेगळी नसावी. मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. ७८ गतीच्या तबकड्यांवरील नाट्यगीतांची आणि शास्त्रीय गायनाची सूची करणाऱ्यांनी, आणि मुंबईतील 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'भोवती जमलेल्या अभ्यासकांनी, मॅट्रिक्स क्रमांकाला हेच महत्त्व दिले आहे. एकाच गायकाने एकच चीज दोनदा मुद्रित केली असेल तर ते या क्रमांकावरूनच उघड होते. फरक एवढाच की तेथे गायक दोनदा गायलेला असतो, आणि येथे तो एकदाच गातो व त्याच्याभोवतीची माणसे बदलतात.

देशाचे नियमही मिश्रणात उतरतात, ही गोष्ट संगीतावर प्रेम करणाऱ्याला प्रथम खटकते. ब्रिटनमध्ये लोकप्रियतेची यादी दुकानांतील विक्रीवरून ठरे, आणि एका सिंगलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची विक्री एकत्र मोजली जाई. म्हणून एकाच गाण्याच्या दोन-तीन बारा इंची तबकड्या थोड्या थोड्या अंतराने काढल्या की तोच चाहता दुकानात पुन्हा येई. किती प्रकारच्या आवृत्त्या मोजायच्या यावर पुढे मर्यादा आल्या, आणि लांबीवरही. 'द ऑर्ब'चे १९९२ मधील 'ब्लू रूम' ही सिंगल ४० मिनिटांना जेमतेम काही सेकंद कमी पडेल अशी बेतलेली होती, ते याच मर्यादेमुळे. अमेरिकेत नृत्यगृहांची यादी विक्रीवर आधारलेली नव्हती. निवडक वादक आपण काय वाजवले आणि लोक कशावर नाचले ते कळवत. त्यामुळे तेथे वादकांना मोफत पाठवण्याच्या तबकड्यांना वजन आले. आणि त्यांचे वाटप करणारे वादकांचे संघ १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने सुरू झाले होते. १९९० च्या 'एन्जॉय द सायलेन्स'मध्ये दोन्ही पद्धतींचा परिणाम एकत्र पाहता येतो. ब्रिटनमध्ये त्याची मिश्रणे साध्या, 'एल' आणि 'एक्सएल' अशा तबकड्यांवर विभागली गेली, आणि शेवटच्या तबकडीवर 'द क्वाड : फायनल मिक्स' हे १५ मिनिटांहून लांब, गाण्याला जवळजवळ निद्रेच्या काठावर नेणारे मिश्रण आले; अमेरिकेत यांतील बहुतेक मिश्रणे एकाच लांब सीडीवर मिळाली. ब्रिटिश चाहत्याने ते आठवड्यांच्या अंतराने, तुकड्यातुकड्यांनी ऐकले, अमेरिकी चाहत्याने एका बैठकीत. सूचीत दोघांपुढे मिश्रणांची नावे सारखीच येतात, पण ऐकण्याचा अनुभव एक नव्हता, हे टिपेत लिहिल्याशिवाय सूचिकाराला राहवले नाही.

याखेरीज 'डिस्कोनेट' किंवा ब्रिटनमधील 'डीएमसी' यांसारख्या, फक्त वर्गणीदार वादकांसाठी मिश्रणे काढणाऱ्या संस्था होत्या; त्यांची मिश्रणे दुकानात सहसा आली नाहीत, आणि त्यांची नोंद स्वतंत्र परिशिष्टात ठेवणेच योग्य. जपानमध्ये १९९१ मध्ये 'एक्स १' आणि 'एक्स २' अशा सीडींच्या दोन पेट्या निघाल्या आणि विखुरलेली बरीच मिश्रणे प्रथमच एका ठिकाणी आली. बँडने पुढे २००४ आणि २०११ मध्ये रीमिक्सचे संग्रह काढले, आणि २०१८ पासून बारा इंची सिंगलांच्या पेट्या पुन्हा छापल्या जाऊ लागल्या. या पुनर्मुद्रणांमुळे ऐकणे सोपे झाले, पण पत्ते पुसट झाले. संगणकीय सेवांवर प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरांचा एक आंतरराष्ट्रीय संकेतांक दिलेला असतो, आणि त्याची पहिली दोन अक्षरे देशाची असल्याने नवखा अभ्यासक त्यावरून मिश्रणाचा देश ठरवू पाहतो. परंतु ती अक्षरे संकेतांक घेणाऱ्याची नोंदणी कोठे झाली एवढेच सांगतात. न्यूयॉर्कमध्ये घडलेले, लंडनमध्ये विकलेले आणि लॉस एंजेलिसच्या रेडिओवर गाजलेले मिश्रण तेथे एकाच ओळीत, एकाच वर्षाखाली उभे असते.

सूचीतील सर्वांत अवघड नोंद मात्र अशा गाण्याची आहे ज्याला नृत्यासाठीची आवृत्तीच नाही. 'लिटल १५' हे मंद, तंतुवाद्यांच्या स्वरांनी भरलेले गाणे १९८८ च्या मे महिन्यात सिंगल म्हणून निघाले ते फ्रान्ससाठी. ब्रिटनमध्ये ते काढण्याचा बेत नव्हता. त्याच्या मागच्या बाजूला बँडचे तेव्हाचे सदस्य ॲलन वाइल्डर यांनी पियानोवर वाजवलेली बेथोव्हेनची 'मूनलाइट' सोनाटा आहे. लांबवलेले मिश्रण नाही, डब नाही, 'एल' अक्षराची तबकडी नाही. तरीही ब्रिटिश चाहत्यांनी परदेशातून आलेल्या प्रती इतक्या घेतल्या की ते ब्रिटनच्या यादीत ६० व्या क्रमांकावर नोंदले गेले. सूचिकाराने या नोंदीसाठी रकाने पुन्हा आखले : घडले कोठे, निघाले कोठे, आणि त्यांच्या शेजारी एक नवा रकाना, ऐकले गेले कोठे. पहिल्या दोन रकान्यांत काय लिहायचे ते तबकडी आणि क्रमांक सांगतात. तिसऱ्यात त्याने 'ब्रिटन, परदेशी प्रतींवरून' असे लिहिले, आणि मग आधीच्या साऱ्या नोंदींचा तोच रकाना भरण्यासाठी वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.